झेलणारीची जागा

वेणू,

अंबरनाथचा कार्यक्रम झाला. तू पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून पहिलं हेच सांगते. हॉल भरला होता, मागे भिंतीला टेकून पोरं उभी होती. माइकच्या दांडीला आंब्याचा टहाळा बांधला होता, पण उलटा. पानं खाली, देठ वर. मी जाऊन सरळ केला.

हो, मी गेले होते. तोंड वाकडं करू नकोस.

तू गेल्यापासून घरी येणारी प्रत्येक बाई म्हणते, वेणूआत्या किती शांत होती. मला हसू आवरत नाही. शांत? पानाला चुना जास्त लावला म्हणून तू एकदा भर हळदीतून उठून चालायला लागली होतीस. नवरी पाटावर बसलेली, अंगावर पहिला तांब्या पडलेला, बिचारी कुडकुडत होती. मी तुझा पदर धरून तुला खाली ओढली. "बस गुमान. पोरगी गारठून मरंल." तू बसलीस आणि जिथे सोडलं होतं तिथूनच हळदीचं गाणं, तो धवला, उचललास. कारण अर्धा धवला सोडायचा नसतो, हे तुझ्या आईने आपल्या दोघींना ठोकून शिकवलं होतं. अर्धा सोडला तर त्या घरचं लग्न अर्धं राहतं म्हणायची. खरं-खोटं देव जाणे. आपण कधी सोडला नाही.

आता कुळगावात, मांजर्लीत किती घरं धवले म्हणायला धवलारणी बोलावतात? डीजे लावतात. पण एके काळी आपल्याशिवाय आपल्या आगऱ्यांत हळद लागत नव्हती. काम दोघींचं. तू ओळ सांगायचीस, मी झेलायची. तुझी ओळ "गो" वर यायची. तो "गो" तू लांबवायचीस, आणि तो हवेत असतानाच मी तीच ओळ उचलायची. मी म्हणेपर्यंत तू श्वास घ्यायचीस, पुढची ओळ मनात जुळवायचीस. मध्ये फट पडू द्यायची नाही. फट पडली की मांडवातल्या बायका लगेच एकमेकींकडे बघतात.

सांगणारी कोण आणि झेलणारी कोण, हे तुझ्या आईने ठरवलं. मी घरातली थोरली सून, आवाज माझा मोठा, तरी पुढची जागा तुला दिली. मी विचारलं तर म्हणाली, "सून उशिरा उचलतं." बस. एवढंच. मी ते कधीच मानलं नाही. खरं कारण मला दिसत होतं. तुझा नवरा लवकर गेला, पदरात मूल नाही, तू माहेरी परत आलीस. आणि विधवेला मांडवात कडेला बसवायची आपली रीत. धवलारणीला मात्र कोणी ऊठ म्हणत नाही, ती मधोमध बसते, नवरीच्या आईलाही तिचं ऐकावं लागतं. तुझ्या आईने लेकीची सोय लावली. ते बरोबरच केलं. पण दोष माझ्यावर टाकून केलं, हे मला लागलं. मी ते उगाळत राहिले. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तुला बोलत राहिले.

आठवतं ना, लग्नावरून परत येताना टेम्पोत दर वेळी तेच भांडण.

"वैनी, आज परत उशीर केलास."

"मी नाय उशीर करत. तूच घाई करतंस."

"मी घाई केली आसती त फट परली आसती. परली का?"

"नाय ना परली? मंग उशीर कुठं झाला?"

यावर तू गप्प व्हायचीस, बाहेर बघत राहायचीस. मला वाटायचं, जिंकले. टेम्पोवाला म्हणायचा, "आत्या, तुमचं दोघींचं हे लग्न उरकलं की सांगा, गाडी थांबवतो."

मग आपल्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली, त्यातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आपल्याला मिळाला, आणि चौथ्या मजल्यावर केतकी भाड्याने राहायला आली. गच्चीवर एक हळद होती. तिथे तिने आपल्याला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन दारात उभी.

"आजी, आमचा बँड आहे. आम्ही स्वतःच गाणी लिहितो, स्वतःच वाजवतो. नवा अल्बम करतोय. तुमचं गाणं त्यात घेतलं तर चालेल?"

मी विचारलं, "नाव काय बँडचं?"

"उद्या पाणी नाही."

"आज येतंय ना? मग नाव सांग."

"आजी, तेच नाव आहे."

तू इतकी हसलीस की तुला भिंत धरावी लागली. मला वाटलं हसूनच धाप लागली. पुढे त्यांनी लिफ्टमध्ये पोस्टर चिकटवलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पिंप भरून ठेवलं आणि बारवी धरणाचं पाणी परत का बंद म्हणून वॉचमनशी भांडल्या. तू तेही सगळ्यांना सांगत फिरलीस.

पण त्या दिवशी मी हसले नव्हते. केतकीसमोरच तुला म्हटलं, "मांडव कुठाय? नवरी कुठाय? नवरीशिवाय धवला कुनाचा?"

"मांडव बांधू," तू म्हणालीस. "आंब्याचा टाला बांधला की झाला मांडव. नवरी ही काय, केतकी."

"आजी, माझं लग्न वगैरे काही नाहीये हं!" ती पोरगी घाबरलीच.

"नसूं दे. हलद लावून घ्यायला काय जातंय?"

"आनी झेलनार कोन?" मी विचारलं. "अर्धा सोरनार?"

"तू झेल ना. चल माझ्याबरोबर."

"मी नाय मशीनमागं बोंबलनार. हयातभर तुझ्या मागनं म्हटलं, तेवरं पुरे झालं."

केतकी तुझ्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघत होती. तिला वाटलं असेल आपण गाण्याबद्दल भांडतोय.

एक सांगते. मी म्हणत होते ते मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. धवला एका घरासाठी असतो. त्यात त्या पोरीचं नाव घेतो, तिच्या आईबापाचं, त्यांच्या देवाचं. तिकीट काढून आलेल्या माणसांसाठी तो नाही. हे मी तुझ्या तोंडावर म्हटलं आणि तू गेलीस म्हणून ते बदलणार नाही. पण मी नाही म्हणाले ते एवढ्यासाठीच नव्हतं. तुलाही ते माहीत होतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

तू एकटी उल्हासनगरला गेलीस. त्यांच्यातला ढोल वाजवणारा सनी, तो सिंध्यांचा पोरगा, त्याच्या वडिलांचं जीन्सचं गोदाम आहे. तिथेच त्यांचं रेकॉर्डिंग. तू जेवताना सांगत होतीस, चारी बाजूंनी छतापर्यंत पँटींचे गठ्ठे, कपडा आवाज पितो म्हणून तिथे घुमत नाही. तुला एका गठ्ठ्यावरच बसवलं होतं.

"पँटींवर बसून धवला," मी म्हटलं. "तुझ्या आयनं बघितलं आसतं त!"

"आय बोलली आसती, मऊ हाय, मना पन बसवा."

माझी सून फिस्सकन हसली. मी ताट घेऊन उठले.

अल्बम आला. त्याचं नाव "गुडघाभर". मांजर्लीत पूर आला तेव्हा केतकीने जिन्यात बसून लिहिलेली गाणी. तू ओट्याशी फोन ठेवून तुझं गाणं लावायचीस, मुद्दाम, मी भाजी चिरत असले की. पहिली ओळ सुरू झाली की मी मिक्सर चालू करायची. एकदा तू झाकण उघडून बघितलंस. आत काहीच नव्हतं. तू झाकण लावलंस आणि फोन घेऊन बाहेर गेलीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्यानंतर तू ते गाणं घरात लावलं नाहीस, आणि मला ते अजून खातं.

मग ते त्यांचं गावोगाव फिरणं सुरू झालं. पुणे, नाशिक, कोल्हापूर. लुगड्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तू त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर. सनी तुझी पिशवी उचलून ओरडायचा, "चलो दादी, स्टार लोग को खिडकी मिलेगी!" परत आलीस की सुनेला सगळं सांगायचीस, पण आवाज इतका मोठा की आतल्या खोलीत मला ऐकू यावं. पुण्याला पोरं उभी राहून डोलली. नाशिकला एक म्हातारा येऊन पाया पडला. कोल्हापूरला जेवण तिखट होतं. मी खाटेवर पडून सगळं ऐकायची आणि तू आत आलीस की डोळे मिटायची. झोपले नाही हे तुला कळायचं. तू पांघरूण ओढून द्यायचीस, तेही जरा जोरातच.

जिन्यात तू मध्येच थांबायला लागली होतीस. लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यापर्यंतसुद्धा तुला दम घ्यावा लागायचा. मी म्हणाले, "वजन कमी कर." एवढंच म्हणाले. तुझ्या छातीत काय चाललंय हे विचारायला मला कोणी मनाई केली नव्हती. मी तुझ्यावर रुसले होते, आणि रुसलेल्या माणसाला दुसऱ्याची धाप ऐकू येत नाही.

शेवटचा कार्यक्रम अंबरनाथला होता. तू माझ्यासमोर येऊन बसलीस. मी बोंबील साफ करत होते.

"वैनी, अंबरनाथला त येशील? एकच टेशन हाय."

"बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू. हात माखलेत माझे, जा."

तू उठून गेलीस. दुपारी पडलीस. चहाला हाक मारली तर उठली नाहीस. मी दुसरी हाक चिडून मारली.

लोक काय, बोलतातच. पोरांनी म्हातारीला गावोगाव फिरवून मारली, असं खालच्या बाकड्यावर चाललं होतं. मी खाली जाऊन म्हटलं, वेणूला फिरवायची कोणाची छाती नव्हती. ती स्वतः फिरली. जन्मात पहिल्यांदा कोणाच्या लग्नासाठी नाही, स्वतःसाठी घराबाहेर पडली. हे तू असताना तुझ्यासमोर बोलायला हवं होतं. बाकड्यावरच्या रिकामटेकड्यांना ऐकवून काय उपयोग?

केतकी आणि सनी भेटायला आले. सनी मुसमुसून रडला. केतकी रडली नाही, चहाचा कप हातात तसाच धरून बसली. मग म्हणाली, "आम्ही अंबरनाथचा शो रद्द करणार होतो. पण आजींचा आवाज आमच्याकडे आहे. तो लावून गाणं करता येईल. फक्त... तुम्ही झेलाल का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं." तिने कप खाली ठेवला. "त्यांनी प्रत्येक ओळीनंतर जागा रिकामी ठेवायला लावली होती. आम्ही म्हटलं, तिथे कीबोर्ड टाकू. तर म्हणाल्या, हात नाय लावायचा, ती वैनीची जागा हाय."

मी कप उचलायला लागले.

सनी नाक पुसत म्हणाला, "और वो 'गो' कितना लंबा खींचती थी दादी! मेरा ताल हिल जाता था. मैंने पूछा, इतना क्यों? तो बोली, वैनी लेट आती है. वो आने तक पकड़ना पड़ता है."

वेणू, तुझे दिवस अजून झाले नव्हते, तरी मला असा राग आला! मेल्यावरसुद्धा तेच? आणि तेही परक्या पोरांना सांगून? आपल्या टेम्पोतलं भांडण तू उल्हासनगरच्या गोदामात नेऊन ठेवलंस!

"कधी आहे तुमचा कार्यक्रम?" मी विचारलं.

म्हणून मी गेले. सगळ्यांना वाटलं, नणंदेच्या मायेने गेली. सून तर डोळे पुसत होती. मी भांडण संपवायला गेले होते. तू म्हणायचीस उशीर, मी म्हणायची नाही. आता तुझा आवाज मशीनमध्ये बंद होता, तुला मध्ये काही बदलता येणार नव्हतं. मी बरोबर वेळेवर उचलून दाखवणार होते.

केतकी म्हणाली, आधी एकदा ऐकून सराव करू. मी म्हटलं, "मांडवात सराव करून जात होतो का आम्ही?" तिने खूप विनवलं. मी ऐकलं नाही. धवला मला पाठ होता, आणि तू म्हणशील, "आधी ऐकून गेली," असं डोक्यात होतं. ही माझी चूक. पण ती वेगळी गोष्ट.

त्यांची बाकीची गाणी मी पहिल्यांदा तिथेच ऐकली. पुरात पार्किंगमधल्या स्कूटर तरंगतात आणि एकमेकींना धडकून बोलतात, असं एक आहे. ते बरं आहे. केतकीला सांगितलं नाही अजून, सांगीन.

मग दिवे कमी केले. मला टहाळ्याजवळ खुर्ची दिली आणि बाजूला तुझ्यासाठी पाट मांडला होता, रिकामा. कपाटाएवढ्या खोक्यांतून तुझा आवाज आला. "उल्हासचं पानी आनलं गो..." वेणू, आपण इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, पण मी तुला अशी कधी ऐकली नव्हती. मी नेहमी माझ्या ओळीच्या तयारीत असायची.

"गो" आला. मी सावरून बसले. पदर नीट केला. श्वास घेतला. तोंड उघडलं आणि उचललं. आणि उचलताना ध्यानात आलं की हे सगळं होईपर्यंत तुझा "गो" चाललाच होता. मी ओळीत शिरले तेव्हा तू सोडलंस.

म्हटलं, योगायोग असेल. दुसऱ्या ओळीला पदराला हात लावला नाही. तरी तेच. तिसऱ्या ओळीला मी घाई करून बघितली. जमेना. माझ्या श्वासाला लागतो तेवढा वेळ लागतोच. सनी ताल धरून माझ्याकडे बघत होता, तुझा सूर ताल सोडून लांब लांब जात होता, आणि मी पोचले की अगदी बरोबर संपत होता. दर वेळी.

मांडवात मला हे कधी कळलं नाही. तिथे तू माझ्याकडे बघून थांबत असशील. पण गोदामात मी कुठे होते? पँटींच्या गठ्ठ्यांकडे बघून तू तेवढीच थांबली होतीस. माझा उशीर तुला इतका पाठ होता.

म्हणजे तुझी आई खरं बोलली होती. लेकीची सोयही लावली असेल, पण खरंही बोलली होती. आणि फट पडली नाही ती माझ्यामुळे नाही. टेम्पोत तू गप्प बसायचीस ते हरून नाही. एवढ्या लग्नांत, एवढ्या बायकांसमोर, तू मला एकदाही उघडं पडू दिलं नाहीस, आणि मी वर तुलाच घाईची म्हणत राहिले.

शेवटची ओळ आली. तुझा "गो" सुरू झाला. मी आता निवांत होते. खरंच सांगते, पहिल्यांदा निवांत होते. माहीत होतं ना, तू धरून ठेवणार. मी हळूच श्वास घेतला.

आणि तुझा सूर तुटला. धाप लागल्यासारखा, मध्येच. तू माझ्यासाठी थांबली नाहीस.

सगळा हॉल गप्प. सनीचा हातसुद्धा थांबला. इतक्या वर्षांत न पडलेली फट पडली होती आणि मी तोंड उघडून तिच्याकडे बघत बसले होते. मांडवातल्या बायका असत्या तर त्यांनी एकमेकींकडे बघितलं असतं. मग ओळ एकटीने उचलली. आवाज कापत होता, तरी सगळी म्हटली, शेवटपर्यंत. अर्धा सोडायचा नसतो.

टाळ्या खूप वाजल्या. धवल्याला टाळ्या वाजवतात का कोणी? केतकी धावत आली, माझे दोन्ही हात धरले. आता तिचेही डोळे भरले होते.

"आजी, ती शेवटची थांबायची जागा काय घेतलीत! अंगावर काटा आला. आम्हाला कधी सुचलंच नसतं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाट उचलून ठेवायला सांगितलं. तिला काय सांगायचं? तुला सांगते. ती जागा मी घेतली नव्हती. मला उशीर झाला होता.